रामबाग सोडून बायपासच्या टाउनशिपमध्ये राहायला जावं का?

इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर विकून बायपासला जावं का, असं विचारलंय. मुलं लहान असतील तर जरूर जा. रुंद रस्ते, खेळायला मोकळी जागा. पण आधी पाण्याचं विचारा. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून आणतात. बाहेरच्या बऱ्याच कॉलन्या बोअर आणि टँकरवरच चालतात. बिल्डर ‘लवकरच नर्मदा’ म्हणेल, तुम्ही नळ उघडून बघा! कॉलनी नगर निगमाकडे (महापालिकेकडे) सोपवली नसेल तर दिवे, ड्रेनेज, सगळ्याचा मेंटेनन्स तुमच्याच माथी. प्रकल्पाची रेराकडची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडची, नोंदणी घरबसल्या तपासता येते. आईबाबा सोबत असतील तर मात्र मी थांबेन. सानंद या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेचं नाटक रात्री सुटल्यावर तिकडे परतायला स्वतःची गाडीच लागते.