आधी पाणी मोज

प्रिय बेटा,

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. हवामान बदलात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या बुल ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचं भवितव्य तू हवेच्या तापमानाच्या नकाशावरून ठरवलंस. आता दोन मॉडेलांची उत्तरं जुळत नाहीत, तर विषयच सोडू का म्हणून विचारतेस. सोडू नकोस. पण मासा हवेत राहत नाही. आधी पाणी मोज.

मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर भाजत असतं, तेव्हाही खोल विहिरीचं पाणी गार लागतं. डोंगरातल्या झऱ्यांचंही तसंच. ज्या ओढ्याला भूजल मिळतं, वर झाडांची सावली आहे, तो हवेच्या मागे लगेच धावत नाही. शेजारचा उघडा, उथळ ओढा तापतो. तुझ्या नकाशात दोघांचा रंग एकच! बुल ट्राउटला 15 अंशांच्या वरचं पाणी सहसा मानवत नाही, अंडी घालायला तर साधारण 9 अंशांच्या खाली उतरावं लागतं. एवढ्या अरुंद पट्ट्यात जगणाऱ्या माशासाठी तू हवेवर कशी विसंबलीस?

ऋतूही बघ. हा मासा शरदात अंडी घालतो आणि ती हिवाळाभर तळाच्या गोट्यांखाली असतात. त्या दिवसांत बर्फाऐवजी पाऊस पडला की पूर येऊन तळच खरवडला जातो. बर्फ लवकर वितळलं की उन्हाळ्यात धार बारीक होते आणि बारीक धार झटकन तापते. तिथल्याच कटथ्रोट या दुसऱ्या ट्राउटचं दुखणं आणखी निराळं. मोंटानातल्या फ्लॅटहेड नदीच्या खोऱ्यात पाणी कोमट होत गेलं, वसंतातले पूर घटले, तसा बाहेरून आणून सोडलेला रेनबो ट्राउट पसरला आणि त्याचा कटथ्रोटशी संकर वाढला. 2014 साली हे प्रसिद्ध झालंय. हवेच्या नकाशात यातलं काय दिसतं?

मला लोक हट्टी म्हणत. एका प्रकल्पात अहवालाच्या छपाईला पैसे होते, तापमापींना नव्हते. मी पगारातून घेतल्या. आजही घेईन. पुढे प्रकल्प बंद झाला, सातपुड्यातल्या त्या ओढ्यांच्या नोंदी तुटल्या. मधली वर्षं आता कुठून आणायची? ही खंत जात नाही, म्हणून तुझ्यावर चिडतो.

तुला तर सबबच नाही. पश्चिम अमेरिकेतल्या 20,000 हून अधिक ठिकाणांच्या पाण्याच्या नोंदी ‘नॉरवेस्ट’ संग्रहात फुकट आहेत. तीव्र उताराच्या डोंगरी ओढ्यांत गरम पाण्याची हद्द फार सावकाश वर सरकते, हे 2016 साली अशाच नोंदींतून दिसलं. म्हणजे थंड आसरे उरलेत. ते शोधणं हाच तुझा विषय.

या आठवड्यात हवेचा थर काढ, पाण्याचा घाल. आणि परवानगी काढून रामटेककडच्या एखाद्या ओढ्यात स्वतः लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, लाव. ट्राउट तिथे नाही, ठाऊक आहे मला. पण पाणी कसं तापतं ते हाताला कळू दे. लॉगर भोकं पाडलेल्या पाइपात बसव, ऊन थेट लागू देऊ नकोस. वाहत्या धारेत, जड दगडाला बांध. नोंद दर तासाची हवी.

तुझे सर