गुडघ्याखालचं खचलेलं हाड उचलून पोकळीत कृत्रिम बोन ग्राफ्ट (हाडाच्या जागी भरायचा पदार्थ) भरलंय. ते कायम आतच राहतं का?

काय भरलंय त्यावर आहे. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच (१८९२ मध्ये ड्रीझमन या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळ्या त्यानेच बुजवल्या होत्या!), साधारण दीड ते तीन महिन्यांत विरघळतं. कधीकधी नवं हाड तयार व्हायच्या आधीच, ही त्याची खोड. हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट (हाडातल्या खनिजासारखा पदार्थ) उलट वर्षानुवर्षं तसंच राहतं, एक्स-रेत पांढरं दिसत.

मला मधलं बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट जास्त पटतं. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दाणे असतात, पण स्पंजसारखे सच्छिद्र. त्या छिद्रांतून रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी आत शिरतात. दाणा झिजत जातो, जागा हाड घेतं. याला सहा महिने ते दीड वर्ष सहज लागतं.

कृत्रिम ग्राफ्टचा फायदा असा की पोकळी भरायला स्वतःच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढावा लागत नाही. ती जखम कधीकधी मूळ फ्रॅक्चरपेक्षा जास्त ठणकते. मात्र दाण्यांत स्वतःच्या जिवंत पेशी नसतात आणि ते ठिसूळ असतात. भार प्लेट आणि स्क्रूच पेलतात, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत त्या पायावर वजन टाकू नका. नेमकं काय भरलंय ते डिस्चार्ज कार्डावर किंवा इम्प्लांटच्या स्टिकरवर सापडेल.