आजी बहात्तरच्या दुष्काळात गरोदर होती, म्हणून नातवाला साखर होते का?

थेट 'म्हणून' असं म्हणता येणार नाही, पण प्रश्न खुळचट मुळीच नाही.

तुमचं गाव अथणी तालुक्यातलं, म्हणजे आजीनं दुष्काळी कामावर खडी फोडली असेल, मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली असेल. अशा उपासमारीचा सगळ्यात नीट अभ्यास झाला तो हॉलंडमध्ये. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथं रेशन दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेलं. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांना पन्नाशीत साखर पचवणं जड गेलेलं दिसलं. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच उपास घडला असेल, तर साठ वर्षांनीही त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा वेगळ्या निघाल्या. जनुक तेच, खुणा बदललेल्या.

आता तुमचं. तुमची आई तेव्हा आजीच्या पोटात होती ना? मुलीच्या गर्भात तिची सगळी स्त्रीबीजं जन्माआधीच तयार होतात. म्हणजे ज्या बीजातून तुम्ही झालात, त्यानंही तो दुष्काळ काढला! पण नातवंडांबाबतचे पुरावे अजून कच्चेच आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासात आपली बाळं वजनाला हलकी, पण चरबीला जड निघाली. तेव्हा 'मी तर काटकुळा' म्हणून गाफील राहू नका. तिशी ओलांडली असेल तर उपाशीपोटी साखर तपासून घ्या, आणि कुंद्यासारख्या गोडधोडावर जरा हात आवरा.