हे ६,३०० रुपये खरंच उरतात का?

जुळे सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, हातात ३१,५०० येतात. ताई घरी शाळेचे युनिफॉर्म शिवतात, त्याचे महिन्याला ८,००० धरले आहेत. दोन मुलं आणि सासूबाई धरून घरात पाच माणसं. घराचा हप्ता ११,४००, किराणा-दूध-भाजी-गॅस १०,५००, लाईट आणि मोबाईल २,३००, मुलांची फी व क्लास ४,०००, पेट्रोल १,८००, सासूबाईंची औषधं १,५०० आणि किरकोळ १,७००, असा ३३,२०० खर्च. उरतात ६,३००. तुळजापूर रोडला हप्त्यावर प्लॉट मिळतोय: ३०,००० बुकिंग, मग ४,५०० चे ६० हप्ते. ताई विचारतात, "सगळं भागवून घरात किती उरायला हवं? आणि एवढे उरत असताना प्लॉट घ्यायला काय हरकत आहे?"

ताई, पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. त्या वहीवरच हे उत्तर उभं आहे. मार्चचं पान गच्च भरलंय: पिनाफोर ४० नग, हाफ पँट ६० नग, समासात मापं. सप्टेंबरच्या पानावर तीनच ओळी. वर्षाची बेरीज केली तर सीझनचे चार महिने १३,००० च्या आसपास पडतात आणि बाकीचे आठ महिने ३,५००. सरासरी ६,७०० सुद्धा होत नाही. तुम्ही धरलेले ८,००० कुठल्याच महिन्यात येत नाहीत. येतात ते जास्त तरी किंवा निम्म्याहून कमी तरी.

दुसरं, महिन्याच्या यादीत वर्षातून एकदा येणारे खर्च नाहीत. तुमच्याच पत्रातून ते वेचून काढले. जूनमध्ये शाळेची ॲडमिशन आणि वह्या-पुस्तकं १४,०००, एलआयसी १२,०००, दिवाळी ९,०००, गड्ड्याची यात्रा आणि लग्नांचे आहेर ६,०००, महापालिकेचा कर ५,८००, गाडीचा विमा व सर्व्हिसिंग ४,९००, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वर्गणी २,३००. एकूण ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. बरोबर प्लॉटच्या हप्त्याएवढे! ते पैसे आधीच खर्ची पडले आहेत, फक्त अजून बिल यायचं आहे.

आता पुन्हा हिशोब करू. ६,३०० मधून ४,५०० गेले, १,८०० राहिले. शिवणकामाची खरी सरासरी धरली तर आणखी १,३०० गेले. वर्षाला उरले ५,६००. दिवाळीचा १२,००० बोनस मिळवला तर १७,६००, म्हणजे महिन्याला दीड हजारसुद्धा नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. किरकोळमध्ये १,००० ची भिशी आहे, आणि तो खर्च नाही, ती बचत आहे. ती धरून तुमची खरी शिल्लक अडीच हजार होते.

मग किती उरायला हवं? उत्पन्नाच्या वीस टक्के उरावेत असं सगळीकडे सांगतात. तुमच्या घरात ते जवळपास ८,००० होतात. एवढा हप्ता चालू असताना तो आकडा गाठा असं मी सांगणार नाही. मी उलटीकडून मोजतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा यजमानांचा ओव्हरटाइम बंद झाला असं तुम्ही लिहिलंय. माझे वडील मागावर होते. माल उठला नाही की आठवड्याचे दोन-तीन दिवस माग बंद, आणि शनिवारी हातात पडणारा पगार तेवढ्याच दिवसांचा. सोलापूरच्या घराला हे धरूनच चालावं लागतं. यजमानांचं काम थांबलं तरी हप्ता, किराणा, फी, औषधं यांना महिन्याला ३०,००० लागतील. तीन महिन्यांचे ९०,००० बाजूला हवेत. तुमच्याकडे ४०,००० आहेत. उरलेले ५०,००० साधारण वर्षभरात जमवायचे तर महिन्याला ४,००० उरायला हवेत, तेही वार्षिक खर्चाचे ४,५०० वेगळे काढून. हे तुमच्या उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के होतात. तुमच्या घरापुरता माझा आकडा हाच.

अडीच हजारांवरून चारवर जायला पहिली जागा गृहकर्जाची आहे. तुमचं कर्ज २०१८ चं आहे. ऑक्टोबर २०१९ पासूनची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बँकांना रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. जुनी कर्जं आपोआप तिकडे गेली नाहीत. २०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला आणि तुम्ही मात्र अजून साडेनऊने भरताय. शाखेत लेखी अर्ज द्या, दर बदलून घ्यायची फी किती ते विचारा, आणि मुदत कमी न करता हप्ता कमी करा असं स्पष्ट लिहा. साडेदहा लाख बाकी आणि १४ वर्षं राहिलेली असताना दर सव्वाआठ झाला तर हप्ता साडेसातशेने उतरेल. राहिलेले साडेसातशे यजमानांच्या पुढच्या पगारवाढीतून काढा. मुलांच्या क्लासला आणि सासूबाईंच्या औषधांना हात लावू नका.

सीझनचे पैसे येतील तेव्हा घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका. वेगळं खातं काढा आणि तिथून दर महिन्याला ६,५०० च घरखर्चाला घ्या, मार्च असो की सप्टेंबर. भिशीचा नंबर लागेल त्या दिवशी ते पैसेही तिथेच भरा. हे खातं बँकेत असू द्या. सहकारी बँक धरून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी अडीअडचणीचा पैसा तिकडे ठेवू नका.

आणि प्लॉट? आत्ता घेऊ नका. बुकिंगचे ३०,००० दिलेत तर हातात १०,००० उरतील, म्हणजे घराचा एक हप्तासुद्धा निघणार नाही. शिवाय खरेदीखत शेवटचा हप्ता भरल्यावर, असं तुम्हीच लिहिलंय. पाच वर्षं पैसे तुमचे आणि जमीन त्यांच्या नावावर. मधेच दोन-तीन हप्ते चुकले तर काय, हे त्यांच्या छापील फॉर्ममध्ये वाचून घ्या. सातबारा, जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद आणि महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर मागा. नंबर त्यांच्या पत्रकावरून नाही, महारेराच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः बघा.

९०,००० जमले आणि त्यानंतरही सहा महिने सलग ४,००० उरताना दिसले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा प्लॉटचं खुल्या मनाने बघू. आत्ता टोकन म्हणून काही दिलं असेल तर पावती जपून ठेवा आणि या आठवड्यातच लेखी परत मागा.