टॉमी जॉन सर्जरी ज्याच्या नावाची, तो टॉमी जॉन कोण?

तुमचा प्रश्न असा: भाचा न्यू जर्सीत शाळेकडून बेसबॉल खेळतो, पिचर आहे, कोपर दुखतं म्हणून दाखवलं तर 'टॉमी जॉन' करावी लागेल असं सांगितलं. हे ती शोधणाऱ्या डॉक्टरचं नाव का, आणि नंतर पूर्वीसारखं खेळता येतं का?

टॉमी जॉन डॉक्टर नव्हे, पेशंट. डॉक्टर होते फ्रँक जोब. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कॉलेजात हे प्रकरण शिकवलं तेव्हा पिचर म्हणजे आपला बॉलर, एवढंच मला ठाऊक होतं. या पेशंटपायी बेसबॉल बघायला लागले.

आधी एक करून बघा. तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही उठून दिसलं? ते पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक. काहींना ते जन्मतःच नसतं (माझ्या डाव्या हाताला नाही) आणि त्यावाचून कसलंच काम अडत नाही. जॉनच्या उजव्या हातातलं हेच टेंडन काढून जोबनी डाव्या कोपरात घातलं. कोपराच्या हाडांना भोकं पाडायची आणि बाजेला सुतळी ओवतात तसं ते त्यांतून ओवून घ्यायचं. तुटलेल्या लिगामेंटचं (कोपराची हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचं) काम मग ते टेंडन करतं.

जॉन इंडियाना राज्यातल्या टेरे होटचा, जन्म १९४३. १९६३ मध्ये क्लीव्हलँडकडून मोठ्या लीगमध्ये आला, पुढे शिकागो व्हाइट सॉक्स, १९७२ पासून लॉस एंजेलिस डॉजर्स. डावखुरा, पण वेग बेताचाच. त्याचं हत्यार सिंकर: बॅटपाशी येता येता चेंडू खाली बसायचा, आणि फटका उंच न जाता सरपटत जवळच्या फील्डरच्या हातात जायचा.

१९७४ चा मोसम त्याला झकास चालला होता, १३ विजय आणि ३ पराभव (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावर लागतात). १७ जुलैला मॉन्ट्रियलविरुद्ध एक चेंडू टाकताना कोपर गेलं. आणखी एक टाकून पाहिला आणि स्वतःच मैदानाबाहेर चालत आला. तोवर हे लिगामेंट तुटलं की पिचर घरी बसायचा. २५ सप्टेंबरला ऑपरेशन झालं. परत खेळण्याची शक्यता जोबनी सांगितली होती शंभरात एक.

इथून पुढचं मी पेशंटना नेहमी सांगते. ऑपरेशन झालं आणि अल्नर नर्व्हने, म्हणजे कोपरावरून बोटांकडे जाणाऱ्या नसेने, दगा दिला. हातातली शक्ती गेली, बोटं पंज्यासारखी आखडली. डिसेंबरमध्ये पुन्हा टेबलावर. १९७५ चा अख्खा मोसम तो एकही सामना खेळला नाही, नुसता सराव करत राहिला. १६ एप्रिल १९७६ ला अटलांटाविरुद्ध उतरला. त्या वर्षी १० जिंकले, १० हरले. पुढच्या वर्षी २० जिंकले. मग न्यूयॉर्क यांकीज या संघाकडे गेला आणि १९७९ मध्ये २१, १९८० मध्ये २२.

सँडी कूफॅक्स हा डॉजर्सचाच डावखुरा पिचर, भयंकर वेगवान. संधिवाताने कोपर धरल्यामुळे १९६६ मध्ये तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. जॉन गमतीने सांगायचा, की जोबना म्हटलं कूफॅक्सचा फास्टबॉल बसवा. त्यांनी बसवला, पण मिसेस कूफॅक्सचा!

विनोद असला तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. नवं लिगामेंट वेग देत नाही. ऑपरेशनने हात आधीपेक्षा तेज होतो अशी समजूत तिकडच्या काही पालकांतही आहे, भाच्याच्या डोक्यात असेल तर काढून टाका. पूर्वीसारखं खेळणारे आज पुष्कळ आहेत, पण परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात आणि ते कंटाळवाणे असतात. नुसती मूठ वळायची, रबरबँड ओढायचे, मग चार पावलांवरून चेंडू टाकायचा.

जॉन १९८९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. एकूण विजय २८८, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे. एवढं करून हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोरांची मानाची यादी) मतं देणाऱ्या पत्रकारांनी त्याला पुरेशी मतं दिली नाहीत, याचा मला अजून राग येतो. आणि १९८८ मध्ये मिल्वॉकीविरुद्ध या गृहस्थाने एकाच चेंडूवर तीन चुका केल्या: चेंडू हातातून निसटला, मग पहिल्या बेसकडे भलतीकडेच फेकला, परत आलेला मधेच अडवून होमकडेही (जिथे बॅटर उभा असतो) वाकडा फेकला. यांकीज तरी १६-३ ने जिंकले.

भाच्याचं लिगामेंट पूर्ण तुटलंय की थोडं, हे एमआरआय बघून स्पष्ट विचारून घ्या. थोडं असेल तर विश्रांती आणि व्यायामाने बऱ्याचदा भागतं. आणि त्यालाही विचारा, की वर्षातले किती महिने तो चेंडू अजिबात फेकत नाही. शाळा, क्लब, उन्हाळी शिबिर असं बारा महिने चालू असेल, तर आधी ते डॉक्टरांना सांगा.