आयतं बाळंतपण म्हणणाऱ्यांनी एकदा सिझरनंतर खाटेवरून उठून दाखवावं

तुम्ही विचारलंय की पहिलं बाळ पायाळू आहे, 39व्या आठवड्यात सिझर ठरलंय, तर आधी काय तयारी करायची आणि किती दिवसांत स्कूटीवर शाळेत जाता येईल. आणि जाता जाता लिहिलंय, "घरचे म्हणतात सिझर म्हणजे आयतं बाळंतपण." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसले.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, चोपडा तालुक्यात, ऐन मे महिन्यात. बाळ पायाळूच. आठव्या महिन्यापासून गावातल्या निम्म्या बायका पोटावर हात ठेवून "फिरेल, फिरेल" म्हणून गेल्या. बरीच बाळं 36व्या आठवड्यापर्यंत फिरतातही. माझं नाही फिरलं. बाहेरून हात लावून बाळ फिरवायचा एक प्रकार असतो, पण तो दवाखान्यात, डॉक्टरच करतात. गावातल्या सुईणीकडून पोट चोळून घेऊ नका. आणि ऑपरेशनच्या आधी पुन्हा एकदा सोनोग्राफी करायला सांगा, काही बाळं शेवटच्या आठवड्यातही कोलांटी मारतात.

तारीख ठरली तशी आमची आत्या आली. पारोळ्याची. बाळंतिणीचं करण्यात तिचा हातखंडा, निदान तिच्या मते. आल्या आल्या तिने भटजींकडून आधीच्या आठवड्यातला मुहूर्त काढून आणला. डॉक्टरबाईंनी तो कागद न बघताच बाजूला ठेवला. 39 आठवडे भरू देतात ते बाळाच्या फुप्फुसांसाठी. आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, "तुले कुठे कळा वन्यात, तुले काय समजस!"

हेच वाक्य मी पुढे कितीतरी वेळा ऐकलं. कळा नाहीत म्हणजे बाळंतपणच नाही. तर घरच्यांना हे वाचून दाखवा: कातडी, तिच्याखालची चरबी, त्याखालचं घट्ट आवरण, पोटाचा आतला पडदा आणि मग गर्भाशय, इतकं सगळं उघडून बाळ काढतात आणि एकेक शिवत परत येतात. रक्त नॉर्मलच्या साधारण दुप्पट जातं. आणि नंतर अंगावरून जातं ते वेगळंच, कित्येक आठवडे. आत्याला वाटत होतं की सिझरवाल्यांना ते होत नाही!

ऑपरेशनला तुम्ही जाग्या असता. कण्यात इंजेक्शन देतात, छातीखालचं सगळं बधिर. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं कळतं, आणि दात वाजेपर्यंत थंडी वाजते. घाबरू नका, खूप जणींना वाजते. बाळ काही मिनिटांत बाहेर येतं. शिवायलाच जास्त वेळ लागतो. ते इंजेक्शन "आयुष्यभर कंबर धरतं" असं सांगणाऱ्या दहा जणी भेटतील. कंबर धरते ती बाळाला वाकून वाकून पाजल्याने. उशी घ्या मांडीवर, नाहीतर सरळ आडवं पडून पाजा.

खरी गोष्ट घरी आल्यावर सुरू झाली. जळगावहून गाडीने आलो, पोटावर उशी धरून बसले होते, तरी रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला टाके मोजता आले. घरी आत्याने खोली तयार ठेवलेली: खिडकीला गोधडी, पंखा बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर शेपा-ओव्याची धुरी. बाहेर ऊन असं की आप्पा दुपारी बागेकडे फिरकत नव्हते. बाळाला कानटोपी, दुपटं आणि वर आणखी एक दुपटं. आणि मला पाणी नाही. तांब्या समोरच्या कोनाड्यात, माझा हात पुरणार नाही असा. पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणे. जेवायला मऊ भात आणि तूप, भाजी नाही, आणि केळं तर मुळीच नाही, थंड असतं. आमच्या घरामागे केळीचा बाग! आप्पांच्या केळीच्या गाड्या भरून जात होत्या आणि घरची बाळंतीण एका केळ्याला महाग.

सिझरनंतर पोट साफ न होणं म्हणजे काय ते झालेल्यांनाच माहीत. कुंथावं तर टाके ओढतात, न कुंथावं तर भागत नाही. शेवटी आमची वहिनी दुपारी आत्याचा डोळा लागला की पदराआड दोन केळी आणि पाण्याचा पेला घेऊन यायची आणि सालं परत पदरात बांधून न्यायची. तिच्या त्या केळ्यांचे उपकार मी आजही विसरले नाही.

मग बाळाला ताप आला. अंग तव्यासारखं. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तर त्यांनी आधी टोपी काढली, मग दुपटी काढली, पाजायला लावलं, आणि विचारलं, "पंखा कोणी बंद केला?" तपासण्या केल्या, इन्फेक्शन नव्हतं. उकाडा आणि कमी पडलेलं दूध. माझा टाकाही एका कडेला घामाने ओलसर होऊन लाल झाला होता, अँटिबायोटिक लागलं. डॉक्टरांनी आत्याला समोर बसवून सांगितलं की शेगडी बाहेर, पंखा चालू, आईला तहान लागेल तेवढं पाणी. आत्या रस्ताभर बोलली नाही. घरी येऊन म्हणाली की तिच्या वेळी सगळ्या अशाच बाळंत झाल्या.

झाल्या असतील. थंडीत झाल्या असतील, नॉर्मल झाल्या असतील. टाक्यांना शेक नको असतो, त्यांना कोरडं आणि मोकळं लागतं. डिंकाचे, मेथीचे लाडू जरूर खा, मीही खाल्ले, पण लाडू म्हणजे जेवण नव्हे. वरण, भाकरी, पालेभाजी, फळ, सगळं खा.

आता तुमची तयारी. हिमोग्लोबिन आत्ताच बघा, 11 च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून हातात वेळ आहे तोवर वाढवा. रक्तगट माहीत असलेले दोन नातेवाईक फोनवर तयार ठेवा. आदल्या रात्री भूल देणारे डॉक्टर सांगतील तेव्हापासून उपाशी. साधारण सहा तास आधी अन्न बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण त्यांचं ऐका. घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक जखमांतून इन्फेक्शन होतं. नेलपॉलिश काढा, आणि डोहाळेजेवणातल्या हिरव्या बांगड्याही काढाव्या लागतील. त्यावरून कोणी अपशकुन काढला तर मला सांगा. निकर कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या सुती घ्या, टाक्यावर इलॅस्टिक यायला नको. पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. त्यात लाज कसली?

उठायचं दुसऱ्याच दिवशी. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपराने रेटून. सरळ उठायला गेलात तर ब्रह्मांड आठवेल. पण उठाच, झोपून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. खोकताना, हसताना पोटावर उशी. दुखण्याच्या गोळ्या सांगितलेल्या वेळेला घ्या, सहन करण्यात शौर्य नाही. बाळापेक्षा जड काही उचलू नका. पाहुण्यांचं सगळं नवऱ्याकडे द्या. पाचवीच्या पूजेला माझ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती आणि प्रत्येकीने बाळाची पापी घेतली.

हे सगळं माझ्या अनुभवावरून. मी डॉक्टर नाही. साखर किंवा बीपी असेल तर लाडू-तूपही विचारूनच. ताप, टाक्यातून पाणी किंवा पू, वास येणारं किंवा तासाला पॅड भिजवणारं रक्त, एकाच पोटरीला सूज, धाप लागणं, बसलं की वाढणारी आणि झोपलं की कमी होणारी डोकेदुखी: यांपैकी काहीही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि एक सिझर झालं म्हणजे दुसरंही सिझरच असं नसतं, पण सिझरनंतरचं नॉर्मल बाळंतपण सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात, आणि मध्ये दीड-दोन वर्षं तरी जाऊ द्या.

आत्याच्या सुनेचं सिझर गेल्या उन्हाळ्यात झालं. खोलीत कूलर होता म्हणे. तिने मला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

स्कूटी सहा आठवड्यांनी, तपासणी करून. तेही रस्ता धड असेल तर. आणि शाळेची इतकी घाई कशाला? बाळंतपणाची रजा हक्काची आहे, पूर्ण घ्या.