गौरवलेख लिहिताना तेच ते गुळगुळीत शब्द कसे टाळावेत?

निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेवर गौरवलेख लिहायचाय आणि ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’, ‘मोलाचा वाटा’ यापलीकडे काही सुचतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदूरची. इथल्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे मजकूर बरीच वर्षं तपासते आहे, म्हणून उत्तर देते.

हे शब्द आळसातून येतात असं मला वाटत नाही. बहुतेकदा ते आदरापोटी येतात. माणूस मोठा, प्रसंग मोठा, मग आपली रोजची बोली छापण्यासारखी वाटत नाही आणि आपण भाषणातली वाक्यं उचलतो. आमच्याकडे त्यात हिंदी वर्तमानपत्रांची भर पडते: ‘गरिमामय उपस्थिती’, ‘खचाखच भरलेलं सभागृह’. एका काकूंवरचा श्रद्धांजलीचा मजकूर असाच आला होता. मी त्यांच्या मुलीला फोन करून विचारलं, आई दुपारी काय करायच्या? म्हणाली, शेजारच्या सिंधी कुटुंबातल्या मुलींना गणित शिकवायची आणि त्यांच्या आजीकडून ऐकलेल्या म्हणी वहीत उतरवून ठेवायची. मग हे का नाही लिहिलंत? ‘ते काय छापायचं, घरगुतीच आहे!’ आम्ही तेवढंच छापलं, बाकी सगळं काढलं.

म्हणून नव्या उपमा शोधत बसू नका. त्याही दोन वर्षांत शिळ्या होतात. माहिती शोधा.

ठरावीक शब्द सरसकट वाईट असतात असंही नाही. पेशवाईतली पत्रं पाहा. मायना ठरलेला, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’; पण खाली मजकूर सुरू झाला की फौज कुठे उतरली, पैसा किती येणं आहे, हे रोखठोक. तुमच्या लेखातही पहिल्या ओळीत ‘आदरणीय’ राहू द्या, कुणाचं काही बिघडत नाही. मायन्याची भाषा मजकुरात उतरू देऊ नका, एवढंच.

कारण ती नुसती कंटाळवाणी नसते, ती खरी गोष्ट झाकते. अहिल्याबाईंची राजधानी म्हणून इंदूरचा उल्लेख मी इथल्या व्यासपीठांवरून सतत ऐकते. बाईंनी १७९५ पर्यंत राज्य चालवलं ते महेश्वराहून, नर्मदेकाठून. आणि ‘धर्मकार्यात अमूल्य योगदान’ म्हणणारा वक्ता काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये बांधवलं, हे सांगतच नाही! ऐकणाऱ्या मुलांच्या हाती काय लागतं? मला याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या बाईंबद्दल त्यांच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. ‘बाई कशा होत्या?’ असं नको. त्याला ‘खूप छान’ हेच उत्तर येणार. गृहपाठ केला नसला तर बाई काय करायच्या, फळ्यावर आधी काय लिहायच्या, कोणती कविता शिकवताना आवाज बदलायचा, असं विचारा. मिळेल ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. मग ‘विद्यार्थिप्रिय’ हा शब्द खोडून पाहा. लेखाचं काही अडलं तरच परत घाला.